मोटर चालू असेपर्यंत

मोटर दुरुस्त करायला आलेल्या माणसाला हाकलून देणारी घरमालकीण मी जिंदगीत एकच बघितली. आमची आपा.

बजाजनगरात तिची बिल्डिंग. बिल्डिंग म्हणायची ते आपलं समाधान. खाली-वर खोल्या, मधी जिना, जिन्याखाली हौद, हौदाच्या बाजूला मोटर. भाडेकरू सगळे वाळूजच्या कंपन्यांत. कुणी फर्स्ट शिफ्टला, कुणी सेकंडला. त्याच्यामुळं बिल्डिंगीत कुणीतरी कायम झोपलेलं असायचं आन् दुसरं कुणीतरी त्याला कायम उठवत असायचं. मी बायकोसंगं खालच्या खोलीत ऱ्हायचो. खोली अशी, की एकानं आळस द्यायचा तर दुसऱ्यानं आधी बाहेर जावं.

तर मोटर. नळाला पाणी आलं की हौद भरायचा, मंग मोटर लावून पाणी वरच्या टाकीत चढवायचं. मोटरीचं बेरिंग गेलेलं. चालू केली की कुणी दगड दळायला टाकलेत असा आवाज. सेकंड शिफ्टवाल्यांनी वैतागून एकदा मेकॅनिक आणला. तो बिचारा पाना घेऊन बसला नाय तवर आपा वरून उतरली.

"किसने बुलाया रे तेरेकू?"

"आपा, आवाज लई येतो," मी म्हणलं. पुढं मलाच ढकललं होतं, कारण मार खायचा अनुभव माझा सगळ्यात जास्त. "हा म्हणतो, बेरिंग बदललं की बिलकुल आवाज येणार नाय."

"आवाज येतो म्हणून तर ठेवलीय," आपा म्हणाली. "हात लावला तर तोच पाना तुझ्या डोक्यात घालीन."

मेकॅनिक गेला. पाना इसरून गेला. घ्यायला बी परत आला नाय.

आपा मोटरीपाशी काय करायची ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. मोटर चालू करायची, ओढणी कमरेला खोचायची, भिंतीकडं तोंड करायचं आन् ओरडायला लागायची. हात नाचवायची, पाय आपटायची, मानेच्या शिरा फुगायच्या. पण मोटरीच्या आवाजात एक शब्द ऐकू यायचा नाय. टाकी भरून वाहायला लागली की मोटर बंद. तोंड पुसायचं, ओढणी डोक्यावर घ्यायची आन् एकदम साध्या आवाजात म्हणायची, "पाणी भरून घ्या रे बाबांनो."

ती कुणाला बोलते, ह्याच्यावर बिल्डिंगीत लई चर्चा व्हायची. कुणी म्हणायचं दिराला, कुणी म्हणायचं पाणी सोडणाऱ्याला. मला मातर पक्कं वाटायचं, मलाच. शिव्या कुणाला बी पडू द्या, त्या आपल्याच हायेत असं समजायची मला लहानपणापासून सवय. शाळेत गुरुजींनी शेजारच्यावर छडी उगारली तरी मी आधीच रडायला सुरू. त्या शाळेनं मला सोडलं का मी शाळेला, ह्याच्यावर आमच्या घरात अजून एकमत नाय.

आपाचं म्हणणं असं, की मनात जे काय येतं त्याला काम लावून द्यायचं. रिकामं बसू द्यायचं नाय. राग आला का मोटरीपाशी. "राग दूध हाय," म्हणायची. "ठेवलं का नासतं. आजचं आज वापरा."

काळजी लागली का पलंग हलवायचा. लोखंडी पलंग होता तिचा, वरच्या खोलीत, बरोबर आमच्या डोक्यावर. तिला कसली काळजी लागली की आम्हाला खाली कळायचं. खर्रर्र करून पलंग ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडं. काळजी मोठी असली तर कपाट बी. एकदा तिचे थोरले भाऊ बीडहून आले, रात्री मुक्कामाला थांबले. संध्याकाळी पलंग कुठं होता ते डोक्यात ठेवून सकाळी अंधारात उठले आन् अंदाजानं त्याच्यावर बसायला गेले. तवर आपानं पलंग खिडकीपाशी नेलेला. बीडचे भाऊ फरशीवर. त्यांच्या कमरेची काळजी लागली म्हणून आपानं तेव्हाच्या तेव्हा कपाट हलवलं.

मी विचारलं, "आपा, पलंग हलवून काळजी जाते का?"

"जात नाय. पण तिला बसायला जागा सापडत नाय. उभी ऱ्हाऊन ऱ्हाऊन थकते ती बी."

आन् रडू आलं का मिरची. हिरवी, तिखट, सिल्लोडच्या बाजारातली. दारात बसून नुसती चावायची. डोळ्यांतून धारा लागायच्या. कुणी विचारलं, "आपा, काय झालं?" की हातातलं देठ दाखवायची. "मिरची लागली." खल्लास. पुढचं विचारायचं कुणाला सुचायचं नाय.

आता मला सांगा, अशी बाई हसण्यासारखी का नाय? मी लई हसायचो. तिच्या चालीची नक्कल करायचो, मोटरीपाशी भिंतीला हात नाचवून दाखवायचो. सगळी बिल्डिंग पोट धरून हसायची. आपा एकदा मागं येऊन उभी ऱ्हायली. मला वाटलं गेलो. तर म्हणाली, "हात बरोबर आहे. पाय जोरात आपट." आन् गेली.

माझा उपाय तिला ठाऊक होता. माझा उपाय एकच, हसवायचं. बाप गेला तेव्हा खांदा देताना मी काहीतरी बोललो आन् पुढचे दोघं खांदेकरी हसले. चुलत्यानं मला अजून माफ केलेलं नाय. पण मी काय करू? आत काही व्हायला लागलं की तोंडातून विनोद निघतो. उचकी लागल्यासारखा. मला थांबवता येत नाय.

"ये इलाज नहीं है बेटा," आपा मला एकदा म्हणाली. "ये ढक्कन है. आत काय शिजतंय ते कधी उघडून बघ."

"आत काय नाय, आपा. रिकामं भगुनं हाय."

"रिकाम्या भगुन्याचं झाकण एवढं वाजत नाय."

मी त्याच्यावर बी विनोद केला. काय केला ते आठवत नाय, म्हणजे चांगला नसंल.

मंग ते प्रेसचं झालं.

कंपनीत मी पॉवर प्रेसवर होतो. काम सोपं. पत्रा डायवर, म्हणजे खालच्या साच्यावर, ठेवायचा, हात बाहेर काढायचे, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, प्रेस खाली येतो, पत्र्याला आकार देऊन वर जातो. दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय प्रेस खाली येत नाय, म्हणजे हात सापडायचा सवालच नाय. माझ्यासारख्याला बी जमावं म्हणून असं केलेलं. पण त्या दिवशी प्रेस वर गेला, मी दबलेला पत्रा काढायला हात घातला आन् प्रेस बटण न दाबता परत खाली आला.

मला हातमोजे मोठ्या मापाचे मिळाले होते. बोटांच्या पुढं मोज्याची टोकं रिकामीच लोंबायची. मी कायम त्याच्यावर बोंबलायचो. त्या दिवशी प्रेसनं ती रिकामी टोकं दाबली. नुसती टोकं. मी हात ओढला तर मोजा तिथंच ऱ्हायला, चपटा, पापडासारखा.

घरी येऊन मी जिन्यात उभं ऱ्हाऊन सगळ्यांना सांगितलं, "आज प्रेसनं मला शेकहँड केला. म्हणला, लई दिवस झाले वळख हाय, हात मिळवू." सगळे हसले. एक जण हसताना पायरीवरून घसरला.

माझी बायको हसली नाय. तिनं चहा पुढं केला. कप घेतला तर बशीवर टणटणटण वाजायला लागला. मी म्हणलं, "बघ, ताल धरलाय." तिनं कप माझ्या हातातून काढून घेतला.

"काय झालं ते सांगा."

"सांगितलं की. शेकहँड."

"मला नाय सांगितलं. जिन्यात सांगितलं."

पुढचे कितीतरी दिवस हेच. ती इचारायची, मी हसवायला बघायचो. प्रेसचं मी साहेबाच्या कानावर घातलं होतं, पण ते बी शेकहँड म्हणूनच. ते हसले, मोजा बदलून दिला. प्रेस तसाच. रोज मी त्याच प्रेसवर उभा, पत्रा ठेवताना हात थरथर, घाम डोळ्यांत. घरी येऊन परत जिन्यात कार्यक्रम. एक दिवस कामावरून आलो तर बायको पिशवी भरून दारात बसलेली.

"मी माहेरी चालले."

"मिरची तोडायला?"

"बघा," ती म्हणाली. "आता बी." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज पक्का होता. "तुमी कामावर गेले का मी दिवसभर रस्त्याकडं बघत बसते. घरी आले का तुमचे हात बघते. आन् तुमी मला माणूस समजून एक खरं वाक्य बोलत नाय. जिन्यातल्या लोकांसारखी मी बी एक. ज्या दिवशी बोलता येईल त्या दिवशी न्यायला या. नाय जमलं तर येऊ नका."

तिचं माहेर अजिंठ्याच्या अलीकडं. ती गेली. मी लोकांना सांगितलं, मिरचीची तोडणी लागलीय. एवढ्या खोलीत मी एकटा, आता दोन्ही हात पसरून आळस देता येत होता. दिला बी. मजा नाय आली.

बायकोला न्यायला जायचं तर हसणं थांबवायला पाहिजे. ते थांबवायचं तर आत जे हाय त्याला दुसरं काम लावून द्यायला पाहिजे. आपाचे उपाय समोर होतेच. मी ठरवलं, सगळे करून बघायचे. ह्या खेपेला माघार नाय.

पहिला पलंग. आमचा पलंग मी जोर लावून दाराच्या बाजूला ओढला. खोलीच्या मापाचा मी विचार केला नाय. पलंग भिंत आन् दार ह्यांच्यामधी असा अडकला की पुढं जाईना, मागं येईना. दार आत उघडणारं. मी आत. शिफ्टची बस हॉर्न मारून मारून गेली. शेवटी वरच्या मजल्यावरचे दोघं आले, खिडकीचे गज धरून मला इचारतात, "काय करतो बे आत?"

"काळजी करतोय," मी म्हणलं.

गज काढून मला काढला. काळजी जशीच्या तशी, वरून अर्ध्या दिवसाची गैरहजेरी.

दुसरी मिरची. बायकोच्या माहेरच्याच मिरच्या डब्यात होत्या. कामावर जायच्या आधी एक चावली. रडू येण्याआधी उचकी आली. पाणी प्यायच्या घाईत त्याच हातानं डोळे चोळले. कंपनीच्या गेटवर पोचलो तर डोळे लाल, नाक गळतंय, चाल वाकडी. सिक्युरिटीवाला म्हणाला, "तोंड जवळ आण." मी आणलं. "आऽ कर." मी केलं. त्यानं वास घेतला आन् त्याच्याच डोळ्यात पाणी आलं. "काय पितो रे तू?"

आपाला सांगितलं तर तिनं कपाळाला हात लावला. "अरे, नक्कल करतो तेव्हा बरोबर करतो, आन् खरं करायचं तर वाट लावतो. तुझं दुखणं रडायचं हाय का काळजीचं?"

"काय की. मला कळत नाय."

"मग मोटरीपाशी जा. उद्या पाणी येणार हाय. मोटर तू लाव. आतलं जे निघंल ते निघू दे. निघाल्यावर कळतं काय होतं ते."

दुसऱ्या दिवशी दुपारी पाणी आलं. हौद भरला. मी मोटरीपाशी गेलो, इकडं तिकडं बघितलं, बटण दाबलं. दगड दळायला लागले. एवढ्या जवळून तो आवाज मी कधी ऐकला नव्हता, कानाचे पडदे फाटायला आले. म्हणून मी दोन्ही कानांत बोटं घातली. भिंतीकडं तोंड केलं. डोळे मिटले.

पहिल्यांदा निघाल्या शिव्या. प्रेसला, साहेबाला, हातमोजे बनवणाऱ्याला, मंग त्याच हातमोज्यावाल्याला आशीर्वाद. मंग बायकोच्या भावाला, उगीच. शिव्या संपल्या. माझ्याकडं साठा बरा होता, पण संपला. आन् त्याच्याखालून काहीतरी दुसरंच वर आलं. मी जीव खाऊन ओरडलो, "मला भ्या वाटतंय! त्या प्रेसपुढं उभं ऱ्हायलं का माझे हात कापतात! मला वाटतं आज जातील, आज जातील! मला हात पाहिजेत माझे! हात गेल्यावर मी तिला कोणत्या तोंडानं न्यायला जाऊ! ती नाय आली तर मी काय करू! मला लई भ्या वाटतंय!"

लाईट कधी गेली ते मला ठाऊक नाय.

मोटर बंद पडली होती. माझ्या कानांत बोटं. माझ्या डोक्यात मोटर चालूच. खांद्याला कुणीतरी हात लावला तेव्हा मी डोळे उघडले, बोटं काढली. सगळीकडं शांत. इतकं शांत, की वरच्या टाकीत पाणी ठिबकताना ऐकू येत होतं. मागं वळलो तर जिन्यात सगळी बिल्डिंग. दारात भाजीचा गाडा थांबलेला, गाडेवाल्याच्या हातात तराजू तसाच. समोरच्या घरातल्या बाया कळशी कमरेवर घेऊन. माझ्याच कंपनीतले, प्रेस शॉपमधले दोघं. आन् खांद्यावर हात होता तो आपाचा.

मी दात काढले. "नाटकाची प्रॅक्टिस चाललीय," मी म्हणलं. "गणपतीत बसवतोय."

कुणी हसलं नाय. पहिल्यांदा असं झालं. मी विनोद केला आन् एक माणूस हसला नाय. तराजूवालासुद्धा.

"जा रे सगळे," आपा म्हणाली. लोक गेले. जाताना प्रेस शॉपमधला एक जण थांबला आन् माझ्याकडं न बघता म्हणाला, "मला बी वाटतं." कशाचं ते बोलला नाय. बोलायची गरज नव्हती, तो शेजारच्याच प्रेसवर होता.

मी हौदाच्या कठड्यावर बसलो. "आपा, मी इज्जत घालवली. तुमचं आजवर कुणी एक अक्षर ऐकलं नाय. मी पहिल्याच दिवशी गल्लीला ऐकवलं."

आपा माझ्या बाजूला बसली.

"मी इथं कुणाशी भांडते ठाऊक हाय?"

"मला वाटायचं माझ्याशी."

"ह्यांच्याशी. माझ्या माणसाशी." आपाचा माणूस मी तिथं ऱ्हायला जायच्या लई आधी गेला होता. एवढंच आम्हाला माहीत. "तुझ्यासारखाच. गल्लीला हसवायचा. आत काय चाललंय ते मला त्याच्या दोस्ताकडून कळलं, ते बी कब्रस्तानात मिट्टी देऊन आल्यावर." ती उठली. ओढणी झटकली. "रागाला मोटर चालते. राग कुणी नाय ऐकला तर बरंच. पण तू आत्ता बोलला तो राग नव्हता. भीती होती. भीती भिंतीला सांगून भागत नाय. ज्याच्यासाठी वाटते त्याला सांगायची. ऐतवारी चल."

"कुठं?"

"तुझ्या सासुरवाडीला. मी येते. एक शब्द बोलणार नाय मी. फक्त तुझ्या मागं बसणार. पळायला वळला का मीच आडवी येईन."

रविवारी आम्ही निघालो. सिल्लोडच्या गाडीत आपा खिडकीला, मी तिच्या बाजूला, आन् सगळ्या वाटेनं मी तिला इचारत होतो, काय बोलू. आपानं कबूल केल्याप्रमाणं एक शब्द काढला नाय. फुलंब्रीला भजी घेतली, त्यातली बी मला बोट दाखवून दिली.

सासुरवाडीत अंगणात मिरच्या पसरलेल्या. सासरे बाजेवर, मेव्हणा दारात. मेव्हणा मला बघून म्हणाला, "आले बघा सर्कसवाले." माझ्या तोंडात उत्तर तयार होतं आन् ते लई भारी होतं. मागं आपा खाकरली. मी गप. सासू आपासाठी सतरंजी घेऊन आली. बायको आतून आली आन् खांबाला टेकून उभी ऱ्हायली. माझ्या तोंडाकडं नाय, हातांकडं बघत होती.

"कशी हाय?" मी म्हणलं.

"बरी."

"मिरच्या लई झाल्यात ह्या साली. मला येताना वाटलं, लाल गालिचा टाकलाय माझ्यासाठी..."

ती वळली. आत जायला निघाली. कसला पण राग न करता, थकल्यासारखी. मागून आपा काही बोलली नाय. आन् मला कळलं, ही आत गेली का गेलीच.

"मला भ्या वाटतंय," मी म्हणलं.

आवाज एवढा बारीक निघाला की सासऱ्यांनी कानाला हात लावला. बायको थांबली.

"कशाचं?"

"प्रेसचं. तो बटण न दाबता खाली आला. माझा हात आत होता."

"पुढं?"

मी सांगितलं. पत्रा कसा ठेवला, प्रेस कसा वर गेला, हात घातला तेव्हा डोक्यात काय होतं, म्हणजे काहीच नव्हतं, संध्याकाळी वांगी घ्यायची का शेवगा एवढंच होतं. प्रेस खाली आला तेव्हा आवाज कसा झाला. मोजा ओढताना बोटांना गार कसं लागलं. त्याच्यानंतर मी संडासात जाऊन बोटं मोजली, परत परत मोजली, आन् दर वेळी एक कमी भरायचं, कारण ज्या बोटानं मोजत होतो ते मी धरतच नव्हतो. हे शेवटचं बी हसण्यासारखं हाय, पण मी ते हसवायला नाय सांगितलं. खरंच तसं झालं होतं. बायकोला ते कळलं. ती खाली बसली, माझे दोन्ही हात घेतले आन् मांडीवर ठेवले. हात कापत होते ते तिनं कापू दिले.

मेव्हण्यानं तोंडातली सुपारी बाजूला जाऊन थुंकली आन् सर्कशीचं नाव परत काढलं नाय.

"मग आता त्या प्रेसचं काय?" बायकोनं इचारलं.

"सोमवारी साहेबाला सांगतो."

"काय सांगणार?"

"सांगतो की, साहेब, तुमचा प्रेस लई प्रेमळ..."

"नाय."

"साहेब, प्रेस आपोआप खाली येतो. दुरुस्त होईस्तवर मी त्याच्यावर हात घालणार नाय. मला दुसरं काम द्या."

"आन्?"

"आन् मला भ्या वाटतं."

"हां. परत म्हणा."

सगळ्या परतीच्या वाटेनं गाडीत तिनं माझ्याकडून ते म्हणवून घेतलं. शाळेत गुरुजींनी एवढं केलं असतं तर मी आज कलेक्टर असतो. पुढच्या सीटवर आपा खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. मधी एकदा मी चुकलो तर न वळता म्हणाली, "गलत."

सोमवारी साहेबाच्या केबिनीत गेलो. त्यांच्यासमोर दुसरा एक इंजिनियर चहा पीत होता. मी पाठ केलेलं म्हणलं. साहेब खोखो हसले.

"आज नवीन काढलं का हे? परत म्हण, परत म्हण. ह्याला ऐकव."

चूक त्यांची नव्हती. एवढी वर्षं मीच त्यांना हसायची सवय लावलेली. मी तोच माणूस, तेच तोंड. ते तोंड बी आपसूक हसायला निघालं होतं, गाल वर चढायला लागले होते. मी दातांवर दात दाबून त्याला धरून ठेवलं.

"साहेब, प्रेस आपोआप खाली येतो. दुरुस्त होईस्तवर मी त्याच्यावर हात घालणार नाय."

दोघं बी हसले. इंजिनियरच्या नाकात चहा गेला.

मी परत म्हणलं. तसंच. तोच शब्द, तोच आवाज. मंग हात पुढं केले आन् टेबलावर ठेवले. टेबलावर काच होती. बोटं काचेवर वाजायला लागली. साहेब अजून हसतच होते, पण डोळे हातांवर गेले. इंजिनियरनं कप खाली ठेवला. त्या केबिनीतलं हसणं विझायला किती वेळ लागला काय की, मला तर तेवढ्यात माझी सगळी नोकरी करून झाल्यासारखं वाटलं. मी हाललो नाय. विझू दिलं.

"हे कधीपासून?" साहेबांनी इचारलं.

"तुम्ही मोजा बदलून दिला, त्या दिवसापासून."

"मग तेव्हा..." ते म्हणाले आन् थांबले. "बस."

प्रेस त्याच दिवशी बंद केला. मेंटेनन्सवाले आले, उघडला, आत काहीतरी झिजलेलं निघालं. शेजारच्या प्रेसवाल्यानं बी हात वर केला आन् त्याचा बी उघडून बघितला. मला पॅकिंगला टाकलं. खोक्यांना पट्टी चिकटवायची. पहिल्या दिवशी मी माझीच बाही खोक्याला चिकटवली, ते सोडा.

संध्याकाळी आपा आमच्या दारात आली. उंबऱ्यावर बसली. बायको आत भाकरी थापत होती.

"बोलला?"

"बोललो."

"हसले असतील."

"लई."

"मग?"

"मंग थांबले."

आपानं मान डोलावली. पण उठली नाय. तिला चहा दिला, तो तिनं हातात धरून ठेवला. बायकोनं तवा उतरवला आन् तिच्यासमोर येऊन बसली.

"आपा, काय झालं?"

आपानं सवयीनं हाताकडं बघितलं, दाखवायला मिरचीचं देठ हाय का म्हणून. हातात चहा होता. तिनं तो खाली ठेवला.

"गेले त्या दिवशी सकाळी ह्यांनी नाश्ता केला नाय," ती म्हणाली. एकदम साध्या आवाजात, दार उघडं, गल्लीत लोक येत-जात होते. "म्हणाले, पोटात गॅस हाय. आन् हसले."

"मंग?" बायको म्हणाली.

आपा सांगायला लागली. मला मधीच एक सुचलं होतं, चांगलं होतं, तिला हसवलं असतं. मी गिळलं आन् ऐकत बसलो.